साठ पौंडांचा सूड

१९ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११.
बिशप गेला.
डुएनने मारला. क्रॉसबोने, त्या बंदुकीसारख्या चापाच्या धनुष्याने. खुर्चीत बसून.
तीन वर्षं मी त्या हरणाच्या मागावर होतो. दहा टोकांची शिंगं, वर निमुळती होत गेलेली, बिशपच्या टोपीसारखी. नाव मीच ठेवलेलं. तो कधी उठतो, ओढ्यावर कुठून उतरतो, कुठल्या झाडाला शिंगं घासतो, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. आणि डुएन प्रिबिल, माझा मेव्हणा, लव्हॉनचा थोरला भाऊ, स्वतःच्या मक्याच्या कडेला तंबू ठोकून आत बसतो काय, पायाशी शेगडी, मांडीवर हॅमचं सँडविच, आणि बिशप आपण होऊन त्याच्यासमोर येऊन उभा राहतो काय! सँडविच खाली ठेवलं, चाप ओढला, सँडविच उचललं. हे मी रचलेलं नाही. तोच सगळ्यांना हसत सांगत होता.
मी त्याचं अभिनंदन केलं. मग ट्रकमध्ये बसलो, काचा वर केल्या, आणि जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार.
चर्चमध्ये पाद्रीबाईंचं प्रवचन क्षमेवर. विषय चांगला, वेळ चुकली. डुएन पुढच्याच बाकावर. तासभर त्याची मान पाहत होतो. जाड मान आहे.
बाहेर आल्यावर त्याला सरळ विचारलं, क्रॉसबो कशाला घेतलास? खांदा गेलाय? नाही. पाठ? नाही. डोळे? तेही ठणठणीत. मग?
"सोपं आहे रे, ऑरिन," म्हणाला.
बस्स! लाज नाही, निमित्त नाही. सोपं आहे!
निश्चय: पुढच्या वर्षी धनुष्याचा हंगाम उघडेल तेव्हा या कौंटीतच काय, अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये एकही क्रॉसबो दिसता कामा नये. ज्यांना चाप ओढायचा आहे त्यांनी नोव्हेंबरअखेरच्या नऊ दिवसांत बंदूकवाल्यांबरोबर केशरी डगला घालून जावं. धनुष्याचा हंगाम धनुष्याचा.
हे डुएनमुळे नाही. हे तत्त्व आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार.
तत्त्वाचं काम सुरू होईपर्यंत किरकोळ कामं उरकून घ्यावीत. भडक वासाच्या साबणाच्या आठ वड्या आणल्या. हरणांना तो वास सोसत नाही, बायका बागेत लावतात. डुएन दूध काढण्यात गुंतलेला असताना त्याच्या तंबूभोवती झाडांना मोज्यांत घालून टांगल्या. आता बस म्हणावं शेगडी घेऊन.
लव्हॉनने विचारलं, माझे मोजे कुठे गेले? म्हटलं, धुलाईयंत्र खातं.

९ नोव्हेंबर, शनिवार.
आठवडाभर माझ्या मचाणाकडे एक हरीण फिरकलं नाही. खार नाही. नंतर लक्षात आलं, या दिवसांत वारा वायव्येकडून वाहतो, म्हणजे डुएनकडून माझ्याकडे. वाऱ्याचं मला कळत नाही असं नाही. तीस वर्षं मीच आमच्या धनुष्यवाल्यांच्या क्लबात नवशिक्यांना वारा शिकवतो. पण ते हरणाच्या बाबतीत. साबणाच्या बाबतीत कोण कशाला विचार करील?
वड्या काढायला गेलो तर सातच. एक मोजा डुएनच्या ट्रकच्या आरशाला टांगलेला. तो ट्रकमध्येच होता. हात हलवला फक्त.
या वर्षीही हरीण नाही. सलग बारावं वर्ष. पहिली अकरा वर्षं माझा दोष नव्हताच. या वर्षीचा डुएनचा.

१ जानेवारी, बुधवार.
नवीन वर्ष. अर्ज तयार केला: "आम्ही खाली सह्या करणारे, क्रॉसबोला धनुष्याच्या हंगामातून हद्दपार करण्याची मागणी करतो." 'हद्दपार' शब्दावर लव्हॉन म्हणाली, जरा मऊ घे. मुळीच नाही. उद्दिष्ट पाचशे सह्या. एप्रिलमध्ये वन्यजीव खात्याची जनसुनावणी असते, तिथे ठेवायचा.
रात्रभर बर्फ पडला होता. एकतीस वर्षं मी कौंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. अजून नोकरीत असतो तर आज डुएनच्या फाटकासमोर असा डोंगर रचला असता की ईस्टरला बाहेर पडला असता. माणसाने निवृत्त होण्याआधी शत्रू नीट ठरवून घ्यावेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
सह्या सव्वीस. संथ पण पक्की सुरुवात.
क्लबाकडून निदान साठ धरल्या होत्या. आल्या नऊ. बाकीचे "नंतर बघू" म्हणाले. जेरल्ड आमचा खजिनदार, त्याच्या गॅरेजात सहीसाठी गेलो तर भिंतीवर काहीतरी घोंगडीखाली झाकलेलं. आकार ओळखू येत होता. म्हणाला, सुनेचा आहे. जेरल्डला सून नाही.
आनंदाची बातमी: व्हर्नाने सही केली! व्हर्ना म्हणजे डुएनची बायको. घरातच फूट! शुक्रवारी मासळी खायला सगळे जमतील तेव्हा डुएनला हा कागद दाखवीन. त्याचं तोंड पाहायचंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
दाखवला. व्हर्ना म्हणाली, "अगंबाई, हे ते होय? मला वाटलं अग्निशमन दलाच्या पॅनकेक न्याहारीची यादी आहे. मी चार माणसं येतील म्हणून लिहिलंय बघ."
खरंच लिहिलंय. सहीपुढे 'चार'.
डुएन इतका हसला की त्याची ब्रँडी नाकातून आली. हसून घे.

११ मार्च, मंगळवार.
उजवा खांदा थोडा कुरकुरतो. लव्हॉनने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलीच आहे. म्हणाली, स्नायू फाटलाय, अर्ध्याहून जास्त. धनुष्य ओढायचं बंद. मी विचारलं, साधारण किती दिवस? म्हणाली, दिवस नाही, बंद. मग काय म्हणावं तिने? "तुम्ही क्रॉसबो का नाही वापरत? माझे वडील वापरतात. खुशीत आहेत."
तिच्या वडिलांना मी ओळखत नाही, पण त्यांचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. शेगडी, सँडविच.
डॉक्टर बदलायचा.
परतताना गाडी लव्हॉनने चालवली. घराच्या वळणावर एवढंच म्हणाली, "डुएनला सांगू नकोस म्हणशील, माहीत आहे मला."
सांगू नकोस, म्हणालो.

१४ एप्रिल, सोमवार. रात्री.
सुनावणी. शाळेचा व्यायामाचा हॉल गच्च. भाषण चौदा पानांचं, आरशासमोर पाठ केलेलं. दारातच खात्याच्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकाला तीन मिनिटं.
कुठली पानं गाळावीत कळेना, म्हणून एकही गाळलं नाही. वेगात वाचलं. माणूस गुहेत राहत होता तिथून सुरुवात. धनुष्याची दोरी प्रथम कुणी वळली असेल यावर जरा रेंगाळलो. क्रॉसबोपर्यंत पोचायला दीड पान उरलं होतं तेव्हा घंटा वाजली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा कागद मिटला आणि जे आलं ते बोललो. ते कुठल्याच पानावर नव्हतं.
म्हणालो, हरीण वीस पावलांवर येतं. ते तुमचा श्वास ऐकतंय. अशा वेळी तुम्हाला हात हलवावा लागतो, दोरी कानापर्यंत ओढावी लागते, आणि त्याने पाहिलं की संपलं. दहांतल्या नऊ वेळा ते पाहतं. तो हात हलवणं, तेवढंच धनुष्य आहे. क्रॉसबोची दोरी घरूनच ताणून आणलेली असते. मग उरलं काय?
हॉल शांत झाला होता. खरंच. मी मुद्दाम मोजलं, तीन सेकंद.
मग हिल्मर ओस्बी उठला. वय अठ्ठ्याऐंशी, अजूनही स्वतः तासलेल्या लाकडी धनुष्याने शिकार करतो. मला वाटलं, आला आपला सेनापती!
म्हणाला, "ऑरिन बोलला ते खरं आहे. शब्दन् शब्द. याच हॉलमध्ये त्र्याऐंशी साली मी हेच बोललो होतो. तेव्हा ही पोरं चाकं लावलेली धनुष्यं घेऊन आली. दोरी ओढली की चाक फिरतं, निम्मं वजन गायब, वर नेम धरायला काच. मी अर्ज आणला होता, ही धनुष्यं हद्दपार करा म्हणून. तिकडे मागे एक वीस वर्षांचं पोरगं उभं राहून म्हणालं, 'आजोबा, घरी जाऊन झोपा.' तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. ते पोरगं कोण होतं, ऑरिन?"
मला आठवत नाही.
लव्हॉनला आठवतं. ती माझ्या शेजारी बसली होती तेव्हा.
हिल्मर म्हणाला, क्रॉसबोबरोबर ऑरिनचं धनुष्यही बंद करत असाल तर सही करतो. लोक बाकं बडवायला लागले.
मग डुएन. तीन मिनिटांतली वीस सेकंदं घेतली त्याने. "आमच्या कौंटीत हरणं फार झालीत. माझा चार एकर मका खातात. आमचे निम्मे मचाणवाले साठीच्या पुढे गेलेत. ज्याचा हात चालत नाही त्याने वाईट बाण मारण्यापेक्षा चांगला चाप ओढावा. हरणाला काय, ते लवकर मेलं पाहिजे एवढंच." बसला.
टाळ्या. असल्या बोलण्याला टाळ्या मिळतात.
मतदान: क्रॉसबो राहू द्या, शहाण्णव. घालवा, अकरा.

१५ एप्रिल, मंगळवार.
नीट विचार केला तर हा विजयच आहे. अकरा माणसं! पाचशे सह्यांचा कागद एकतीसवर थांबला होता, त्यातले अकरा प्रत्यक्ष आले, म्हणजे जवळजवळ पस्तीस टक्के.
लव्हॉनला विचारलं, तुझं मत? म्हणाली, मतदान गुप्त असतं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच काहीतरी गुप्त.
पण कागदाने डुएन मरणार नाही. डुएनला हरणानेच मारला पाहिजे. आमच्या दोघांच्या हद्दीवर एक नर फिरतोय. शिंगं आता गळलीत, पण गेल्या हंगामात आठ टोकं होती. उमदा. चाल अगदी बिशपची. त्याचाच मुलगा असणार. नाव ठेवलं धाकटा. शरदापर्यंत दहा टोकं होतील. तो मी मारणार. चाकाच्या धनुष्याने, साठ पौंडांच्या ताणाने, वीस पावलांवरून. त्याचं डोकं पेंढा भरून बैठकीत लावणार, आणि डुएनला त्याच्याखालच्या खुर्चीत बसवून कॉफी पाजणार. रोज.

२१ जून, शनिवार.
सराव जोरात. धनुष्याचा ताण कमी-जास्त करायला एक स्क्रू असतो. दोन फेरे मागे घेतले. साठाचे चोपन्न झाले. तात्पुरतं. उन्हाळ्यात दोरी जड होते.

१६ ऑगस्ट, शनिवार.
आणखी दोन फेरे. अठ्ठेचाळीस. दमट हवा.
क्लबाच्या सहलीत जेरल्डने विचारलं, अजून साठच का रे? म्हटलं, साठच. सॉसेज भाजता भाजता डुएन ऐकत होता. म्हणाला, "या वयात साठ! मला तर दुधाची बादली जड वाटते." टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. टोमणाच. लिहून ठेवतो: त्याचाही हिशेब होईल.

१३ सप्टेंबर, शनिवार. पहाटे ४.
हंगाम उघडला! थर्मासमध्ये कॉफी, चेहऱ्याला काळं. आज रात्रीपर्यंत धाकट्याची शिंगं ट्रकमध्ये.

१३ सप्टेंबर. दुपारी १.
फार डास.

४ ऑक्टोबर, शनिवार.
धाकटा आला. बावीस पावलं. दोरी ओढली, निम्म्यावर खांदा अडकला. हात जागच्या जागी थरथरत राहिला, ना पुढे ना मागे. धाकट्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग चालत गेला. पळालासुद्धा नाही.
उरलेले फेरे फिरवून टाकले. एक्केचाळीस. बाणाचं पातं धारदार असलं की वजनाला विचारतं कोण? लव्हॉनने गॅरेजच्या दारातून पाहिलं. म्हणाली, "ऑरिन, एवढ्याने हाडात जाईल का?" मी म्हणालो, हाडात मारायचंच नसतं मुळी, बरगड्यांत मारायचं असतं. ती म्हणाली, "ते हरणाला माहीत आहे ना?"
भावाची बहीण.

१ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी.
लागला. मी धाकट्याला बाण मारला.
सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर कुणी काही बोलायला नको.
सकाळी सात चाळीस. मादीच्या मागे नाक जमिनीला लावून आला. सतरा पावलं. या वेळी दोरी पूर्ण ओढली गेली. माझ्या मनात डुएनचं तोंड होतं हेही लिहितो. सोडला, त्याच क्षणी धाकट्याने पाऊल पुढे टाकलं. बाण खांद्यावर बसला. टक् असा आवाज झाला, लाकडावर हातोडी बसावी तसा. बाण आत गेला नाही. तिथेच डुलत राहिला. तो पळाला, तीन पायांवर, आणि बाण प्रत्येक उडीला हलत होता.
नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो. मग उतरलो. रक्त थोडं, पानांवर थेंब थेंब. दोनशे पावलांवर कुंपण, पलीकडे डुएनचं रान. परवानगीशिवाय जायचं नाही हा कायदा, आणि परवानगी मी मागणार नाही हा माझा.
तेवढ्यात डुएन समोरून चालत आला. हातात टॉयलेट पेपरचं बंडल. लव्हॉनने फोन केला होता. कुणी सांगितलं होतं तिला? मी केवळ घरी एवढं कळवलं होतं की जेवायला उशीर होईल, कारण हरीण सापडत नाहीये, आणि डुएनला सांगू नकोस.
"कुठे लागलाय?" त्याने विचारलं.
"फुप्फुसात. बहुतेक."
"आवाज कसा आला?"
मी सांगितला. तो गुडघ्यांवर बसला आणि निघाला. जिथे थेंब दिसेल तिथे कागदाचा तुकडा टाकायचा, पुढे सरकायचं. चौसष्ट वर्षांचा माणूस, सकाळचं दूध काढून आलेला. काटेरी झुडपांतून, ओढ्याच्या चिखलातून, उघड्या हातांनी पानं उलटत. मी मागून. सात तास. दोनदा म्हणालो, राहू दे डुएन. म्हणाला, "तो कुठेतरी बसलाय रे. आपल्याला पाहतोय."
दोनच्या सुमाराला त्याला बाणाची काडी सापडली. मोडलेली. पातं नव्हतं. उरलेली काडी त्याने बोटांनी मापली, माझ्या भात्यातल्या दुसऱ्या बाणाला लावून पाहिली. फरक दोन इंचांचा, म्हणजे तेवढाच आत.
"किती पौंड?" त्याने विचारलं.
"साठ."
"हं."
काडी खिशात घातली आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला.
तीनला रक्त संपलं. सापडला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार.
कारणं: एक, त्या जातीच्या नराचं खांद्याचं हाड असाधारण जाड असतं. दोन, या वर्षीची पाती हलकी आहेत, दुकानदाराला पत्र लिहायचं. तीन, त्याने पाऊल टाकलं. टाकायला नको होतं.
चर्चला गेलो नाही. रानात गेलो. अंधार पडेपर्यंत हिंडलो. कागदाचे तुकडे अजून पडलेत, पांढरे, ओळीने. उचलायला हवेत.
ते तीन पायांवर पळणं.

९ नोव्हेंबर, रविवार.
आठ दिवस रोज जातो. धनुष्य नेत नाही. कावळे कुठे जमतात का बघतो. काही नाही.
कागद उचलले. डुएननेही अर्धे उचललेले दिसले. म्हणजे तोही हिंडतोय. हिंडू दे. त्याला हरीण हवंय. माझं हरीण आयतं हवंय, दुसरं काय?

१५ नोव्हेंबर, शनिवार.
डुएनने धाकट्याला मारलं. क्रॉसबोने, त्याच तंबूतून. एकाच बाणात, जागच्या जागी.
लव्हॉनने सांगितलं. भांडी घासत होती, पाठमोरी.
ठीक आहे. आता माझ्याकडे सबळ पुरावा आहे. माझं हरीण, मी घायाळ केलेलं, लंगडणारं, त्याने खुर्चीत बसून टिपलं! उद्या क्लबात उभा राहतो. सगळ्यांसमोर विचारतो. बिशप आणि धाकटा, दोघांचा हिशेब एकदमच. भाषण लिहायला घेतलं. या वेळी एकच पान. एक पान पुरे आहे त्याला.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
क्लबाला निघालो होतो. बूट घालत होतो तेव्हा डुएन मागच्या दाराने आला. नेहमीसारखा न ठोकता. टोपी काढून टेबलाशी बसला. लव्हॉन कॉफी ठेवून बाहेर गेली. तिला कोंबड्यांचं काही काम निघालं. आमच्याकडे कोंबड्या चारच आहेत.
त्याने खिशातून कागदी रुमाल काढला आणि उलगडला. आत माझं पातं होतं. घासून स्वच्छ केलेलं. टोक वाकलेलं.
"खांद्याच्या हाडात रुतलं होतं," म्हणाला. "अजिबात आत गेलं नव्हतं, ऑरिन. पू झाला होता. उभा राहत होता नि पडत होता. पंधरा दिवस. मी रोज बसलो त्याच्यासाठी. संपवायला हवं होतं त्याला."
मी पातं पाहत होतो.
"खांदा कधीपासून?" त्याने विचारलं.
"कसला खांदा?"
त्याने कॉफी घेतली. घाई न करता. मग उठला. दारात म्हणाला, "मी कुणाला बोललो नाही. व्हर्नालासुद्धा नाही. आणि बोलणार नाही."
टोपी घातली, गेला.
क्लबाला गेलो नाही. पान फाडलं.
सगळ्यात मोठा दगा कुठला केला असेल त्याने, तर हा. हसला असता, क्लबात सांगितलं असतं, पातं काचेत घालून भिंतीला लावलं असतं, तर मला उभं राहायला जागा होती. जन्मभर त्याचा द्वेष केला असता, सुखाने. आता काय करू? न बोललेल्या माणसावर सूड घ्यायचा कसा? एक वर्ष आणि वर जवळजवळ एक महिना मी तयारी केली, आणि हा टोपी घालून गेला.
लव्हॉन कोंबड्यांकडून परत आली. पातं पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेमका उजव्या. दुखला.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
बंदुकीचा हंगाम उघडला. चहूकडून आवाज. घरी होतो. नळाची गळती काढली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
थँक्सगिव्हिंग. डुएनकडे बोलावलं होतं. पोट बरं नाही म्हणणार होतो, पण लव्हॉनने आधीच भोपळ्याच्या दोन गोड पाई केल्या होत्या आणि त्या तिला एकटीला उचलवत नाहीत म्हणाली.
एकोणीस माणसं. टर्की होतीच, शिवाय हरणाची सॉसेज. व्हर्नाने स्वतः केलेली, मिरी आणि लसूण घालून. तिने ताटली फिरवली आणि म्हणाली, हे डुएनचं आठ टोकांचं हरीण. यातलं खांद्याजवळचं चांगलं चार बोटं मांस टाकून द्यावं लागलं, सडलं होतं. "काय रे लागलं होतं त्याला?" तिने डुएनला विचारलं. "आत काही होतं का?"
सगळे डुएनकडे पाहायला लागले. माझ्याकडे कुणीच नाही. लव्हॉन बटाटे वाढत होती, तिचा चमचा थांबला.
डुएनने पाव मोडला. "जुनं काहीतरी असेल," म्हणाला. "तार-बीर. कुंपणाची."
सॉसेजची ताटली माझ्यापाशी आली. बोलायचं असेल तर तीच वेळ होती. मला ते कळत होतं, हे लिहून ठेवतो.
"तारच," मी म्हणालो. "ओढ्याकडचं कुंपण फार जुनं झालंय."
डुएनने मान डोलावली. वसंतात बदलू म्हणाला, दोघं मिळून.
सॉसेज चांगली होती. दोनदा घेतली.